चादरीखालचा सौदा

माझ्या भागीदाराने मला फसवलं. मी धुळ्याच्या दवाखान्यात श्वासासाठी झगडत असताना त्याने माझी बैलजोडी परस्पर विकली. वर सांगतो, सौदा मीच केला.

आमचा धंदा बैलांच्या दलालीचा. यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची आणि बोटांनीच भाव सांगायचा. पटलं की त्याचा अंगठा दाबायचा. मग बाप आडवा आला तरी शब्द फिरत नाही. मी याच बोटांवर वर आलो; घरून काही मिळालं नव्हतं. ती जोडी मात्र विकायची नव्हती. गोऱ्हे होते तेव्हापासून मी वाढवलेली. डॉक्टरांनी बिडी आणि बाजाराची धूळ दोन्ही बंद करायला सांगितलं होतं. बिडी सोडली. पण बरं वाटलं की तीच जोडी छकड्याला जुंपून बाजारात जायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं.

थंडीत दम्याने पुन्हा उचल खाल्ली. असोद्याहून जळगावला आणि तिथून धुळ्याला नेलं. तोंडावर मास्क, हवा आत ढकलणारं मशीन. डोळे उघडत नव्हते. अशात चादरीखाली एक हात आला. थंड, कोरडा. त्याने माझी बोटं धरून भाव लावला. मी सवयीने वर नेला, त्याने खाली आणला. सौदा कशाचा, ते मला कळत नव्हतं. छातीवरचं ओझं वाढत गेलं तसा मी उतरत गेलो. शेवटी अंगठा दाबला. हात निघून गेला आणि श्वास आत आला.

घरी आलो तर गोठा रिकामा.

भागीदार म्हणाला, "आबा, दवाखान्यात तुम्हीच अंगठा दाबला. मी खोटं बोलस का?"

"तू होतास तिथे?"

"मंग कोण?"

"हात दाखव."

त्याने उजवा हात पुढे केला. त्याची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात कधीच गेली आहेत. चादरीखालचा हात धड होता. बोटांवर जगलेल्या माणसाची यात चूक होत नाही. त्याने हात मागे घेतला आणि चहा न घेताच उठला.

दवाखान्यात बायको माझ्या खाटेपासून हलली नव्हती. तिला विचारलं.

"कोणी आलं नाही," ती म्हणाली. "तुमचा हात एकटाच चादरीखाली चालत होता. मला बघवेना, मी तोंड फिरवलं."

"हे भागीदाराला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. म्हणाले असते, म्हाताऱ्याबरोबर हीपण गेली कामातून."

आता दुपारी ओसरीवर बसून व्यायाम करतो. नाकाने श्वास घ्यायचा, ओठ आवळून फुंकर घातल्यासारखा हळू सोडायचा. डॉक्टर खूश आहेत. फाटकापर्यंत न थांबता जातो. पण मी फुंकर सोडली की रिकाम्या गोठ्यातून लांब उसासा येतो, बैल खाली बसताना सोडतो तसा. मी थांबलो की तोही थांबतो. बायको हल्ली त्या बाजूला झाडायला जात नाही.

जोडी दोंडाईचाला गेली, हे शोधून काढलं. घेणाऱ्याला फोन केला.

"खातात नीट," तो म्हणाला. "पण आबा, दुपारी उभ्या उभ्या धापा टाकतात. जनावरांचा डॉक्टर म्हणतो, छाती साफ आहे."

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी व्यायाम केला नाही. रात्रीपर्यंत छाती पुन्हा भरून आली.

शुद्धीत असतो तर श्वासाच्या बदल्यातही मी ती जोडी दिली नसती. म्हणून भागीदाराला विचारतो. तू धुळ्याला आलाच नव्हतास. मग मी अंगठा दाबला, हे तुला कोणी सांगितलं? त्याचं नाव सांग. जोडी परत आण आणि त्याला माझ्यासमोर बसव. उपरणं नको. उघड्या हाताने बोलू.