शालूचं जिनिव्हाचं पाकीट

पलूसच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातल्या त्या गावात पत्र कुणा एकाचं नसे. घरटी एक पोरगा पलटणीत, आणि घरची म्हातारी माणसं अक्षरशत्रू. म्हणून पोस्टमन ज्ञानू मारुतीच्या पायऱ्यांवर बसून पाकिटं फोडी आणि सगळ्यांची खुशाली मोठ्यानं वाचून दाखवी. कुणाची रजा नामंजूर झाली, कुणाची सून रुसली, हे घराआधी पायऱ्यांना कळे.

सुभेदार लालासाहेबांच्या शालूला हे जन्मापासून ठाऊक. तरी शहात्तरच्या जूनमध्ये तिनं जिनिव्हाहून मागवलेल्या कागदांवर गावचाच पत्ता घातला. साताऱ्याचं वसतिगृह सुट्टीत बंद म्हणून ती घरी प्रबंध लिहीत बसली होती, हे खरं; पण एलएल.एम.पर्यंत शिकलेल्या मुलीला एवढं सुचू नये?

प्रबंधाचा विषय दहशतवादाविरुद्धचे कायदे आणि मानवी हक्क. पहिला भाग दहशतवाद रोखायला राष्ट्रांनी काय काय ठराव केले त्याचा. तो झाला होता. दुसरा, त्या नावाखाली माणसांना चौकशीवाचून कसं डांबतात याचा. तो तिचा जिवाचा. मार्चमध्ये अमलात आलेला संयुक्त राष्ट्रांचा नागरी हक्कांचा करार त्यासाठीच हवा होता, आणि हातात महिना उरला होता.

परदेशी तिकीट बघून ज्ञानूनं पाकीट फोडलं. इंग्रजी! हायस्कूलचे मास्तर पायऱ्यांवरच होते. त्यांना चेव आला. कलम नऊ त्यांनी खडाखडा मराठीत सांगितलं: कुणालाही मनमानी अटक करता येणार नाही, धरलेल्याला लगेच न्यायाधीशापुढं उभं केलं पाहिजे.

आणीबाणी चालू होती. गावातल्या जोतिबाला मिसाखाली सांगलीच्या तुरुंगात नेऊन दहा महिने झाले होते, आणि त्याची बायको अंबूबाई तिथंच उभी होती. पोलीस पाटील बाळासोही.

पाकीट घेऊन बाळासोच सुभेदारांकडं आले. "सुभेदार, पोरीला आवरा. तिच्या भावाची, अर्जुनाची, पलटणीतली बढती तोंडावर हाय, आन् हिनं फारीनातनं असलं मागवायचं?"

"काका, दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे बी त्याच कागदात हाय," शालू म्हणाली. "सतरावं कलम."

"मग ज्ञानूला चढीव फासावर!"

सुभेदार हसले नाहीत. उठले, पाकीट पलटणीतल्या काळ्या ट्रंकेत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. "अर्जुना हवालदार हुईस्तवर हे भाईर यायचं न्हाई."

"आवं आबा, महिन्यात प्रबंध द्यायचाय."

"दे की. ते दहशतीचं दे. त्याला कोन न्हाई म्हनतंय?"

संध्याकाळी अंबूबाई परसदारी आली. "शालूताय, त्या कागदात आमच्या मालकाचं नाव हाय का?"

"नाव नसतं त्यात. ते सगळ्यांसाठी असतं."

"मग आमी सगळ्यांत न्हाई व्हय?"

आपल्या सरकारनं त्या करारावर अजून सहीच केलेली नाही, आणि मिसात धरलेल्यांना दिल्लीच्या वरच्या कोर्टानं एप्रिलमध्येच दार लावून घेतलंय, हे तिनं सांगितलं.

"सही कवा करत्यात?"

"ठाव न्हाई."

अंबूबाईनं मान हलवली. डॉक्टर हात झटकतो तेव्हा हलवतात तशी.

शालूनं साताऱ्याची एस.टी. धरली. कागद नसले तरी प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांच्या टिपणांवरून दुसरा भाग उभा करू, असा तिचा हिशेब. सरांनी आधी खिडकी लावली. मग म्हणाले, "पहिला भाग उत्तम उतरलाय. तिथंच थांबा."

"पण सर, तो अर्धाच आहे."

"अर्ध्याला पदवी मिळते, बाई. पुऱ्याला काय मिळतं ते आम्ही इथं बघतोय."

तिनं अर्धा दिला. वरच्या श्रेणीत पास झाली. सुभेदारांनी गावभर पेढे वाटले. किल्ली मात्र कमरेलाच.

पुढच्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि जोतिबा सुटून आला. अंबूबाई खण-नारळ घेऊन पायऱ्यांवर आली, शालूला पुढं ओढून सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या कागदानं माझं मानूस सोडवलं!"

"न्हाई वयनी, ते निवडणुकीमुळं…"

"बघा, गुन हाय पन गर्व न्हाई," बाळासो म्हणाले, आणि तेच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागले.

शालूनं आबांकडं पाहिलं. ते खाली बघत होते, हात करगोट्यावर. अर्जुना अजून नाईकच होता. कागद ट्रंकेत होता, प्रबंधात त्यातलं एक अक्षर नव्हतं. आणि हे बोलायचं तर आबांची अब्रू याच पायऱ्यांवर मांडावी लागणार. तिनं पदर पसरला. त्यात नारळ पडला.

"आनि एक काम हुतं," अंबूबाई कानाशी आली. "माझ्या भावाला विट्याला धरलंय, मारामारीत. त्याच्यासाठी बी मागवा की एक कागद."

"अन् पत्ता गावचाच घाला," ज्ञानू वरच्या पायरीवरून ओरडला. "मी हाय की वाचायला!"