आभाराची सहा कार्डं

शुक्रवार, ७ मार्च २०१४. ढगाळ. वारा नाही. नदीला बरेच पाणी. सकाळी डार्सीच्या पैशांसाठी काउंटीच्या ऑफिसात गेले. दुपारनंतर चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायला. मैदा कमी पडला. डार्सीचे पैसे नाहीत.

शेवटचं वाक्य लिहून अगाथा वेसलर पेन हातात धरून नुसती बसून राहिली. लग्नाच्या आदल्या दिवसापासून तिची डायरी चुकली नव्हती. नवरा, लिओ, गेला त्या दिवशीसुद्धा तिने आधी हवामान लिहिलं होतं. पण हे तीन शब्द आपल्याच अक्षरात असूनही तिला दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखे वाटत होते.

सकाळी घरातून निघाली तेव्हा ती चक्क खुशीत होती. नवं पासबुक ठेवायला पर्समधला मधला कप्पा तिने रिकामा केला होता.

डार्सी स्ट्राउड तिच्याकडे आली ती बारा वर्षांची. आई आधीच परागंदा. बाप, वेड, ओहायो नदीत कोळशाचे बार्ज, म्हणजे सपाट पडाव, ढकलणाऱ्या बोटीवर खलाशी होता. एका पहाटे दोर तुटला आणि त्याच्या तडाख्यात तो गेला. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, पोरीला सांभाळायला अगाथाकडे दिलं. तिच्या खर्चासाठी महिन्याला काउंटीचा चेक येऊ लागला. बाप नोकरीत असताना त्याच्या पगारातून जे कापलं जाई त्यापोटी लेकीच्या नावाने वॉशिंग्टनहून, केंद्र सरकारकडून, पैसे येतात, हेही अगाथाला ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात तिने काउंटीच्या ऑफिसात तसं विचारलं होतं आणि "येतात, आम्ही बघतो त्यांचं," असं उत्तर मिळालं होतं.

'बघतो' म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. तिचा स्वतःचा बाप दगडाच्या खाणीत अपघातात गेला तेव्हा ती आणि तिची बहीण मठाच्या शाळेत वाढल्या. खाणीकडून येणारे पैसे सिस्टर वॉलबर्गा पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. प्रत्येक पोरक्या मुलीचं वेगळं पाकीट, त्यावर तिचं नाव. जेवण मठाच्या बागेतलं आणि गावाच्या दानातलं. शाळा सोडायच्या दिवशी पाकीट आणि एक पांढरा रुमाल हातात मिळे. पोरक्या मुलाचे पैसे असेच सांभाळतात, हे अगाथाने तेव्हा जे मनात धरलं ते कायमचं. म्हणून ती डार्सीला म्हणत आली, "तुझ्या बाबाचं पाकीट भरतंय गं. काळजी करू नकोस."

डार्सीने त्या पाकिटावर आपलं सगळं गणित मांडलं होतं. पुलापलीकडच्या कॉलेजात जूनपासून नर्सिंगचा कोर्स. तिथे बस जात नाही, म्हणून गाडी. गाडीही ठरलेली: अगाथाच्या मैत्रिणीची, बर्निसची निळी गाडी. मोतीबिंदूमुळे बर्निसला आता चालवता येत नव्हती.

काउंटीच्या ऑफिसात मिस्टर प्रूइट उठून उभे राहिले. तिशीतला, अदबीने वागणारा माणूस.

"या, मिसेस वेसलर. आज बिस्किटं नाहीत का?"

"बिस्किटं नाताळला. आज कामाने आलेय. डार्सी दोन एप्रिलला अठराची होतेय. तिच्या वडिलांचे पैसे कुठल्या बँकेत साठवलेत तेवढं सांगा. मी तिला घेऊन जाते."

"साठवलेले? कुठले पैसे?"

"वेड स्ट्राउडचे. वॉशिंग्टनहून येतात ते. येत नाहीत का?"

"येतात ना! एक महिना चुकलेला नाही." प्रूइट मनापासून म्हणाले. "पण ते तिच्या खर्चाला लागतात. राहणं, जेवण."

"त्याला तर तुम्ही मला चेक पाठवता."

"हो. तेच ते."

अगाथाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ती खुर्ची पुढे ओढून बसली. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, शांतपणे, हजारदा सांगितलेलं सांगावं तसं. पोरीच्या वतीने पैसे घ्यायला काउंटीनेच अर्ज केला. पैसे काउंटीकडे येतात. पोरीवर जो खर्च होतो त्यात ते वळते होतात. शिल्लक काही राहत नाही. सगळं कायद्याने.

"आणि ज्या मुलांचे आईबाप जिवंत आहेत? ज्यांना वॉशिंग्टनहून काही येत नाही?"

"त्यांचा खर्च काउंटी करते."

"म्हणजे ज्याचा बाप मेला त्याने आपला खर्च आपण भरायचा, आणि बाकीच्यांना फुकट?"

"असं कोणी मांडत नाही, मिसेस वेसलर."

"मी मांडतेय."

"अपंग मुलांना जे मिळतात त्यांचंही असंच असतं," प्रूइट म्हणाले, जणू त्याने तिला बरं वाटेल. "एकट्या डार्सीचं नाही."

"तिला कुणी विचारलं?"

"ती लहान आहे. पत्रं आमच्याकडेच येतात."

अगाथाची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली, आणि मग तिला तिथून हलता येईना. भिंतीवर टाचणीने लावलेली सहा कार्डं होती. दर नाताळला तिनेच डार्सीला टेबलाशी बसवून ती लिहून घेतली होती. कुणी काही दिलं की आभाराचं कार्ड लिहायचं, ही मठातली शिस्त. "मी काय लिहू त्यांना? मी ओळखतसुद्धा नाही!" असं डार्सी दरवर्षी कुरकुरायची. "ज्याचं अन्न खातेस त्याला दोन ओळी लिहायला हात झिजत नाही तुझा," असं अगाथा दरवर्षी सुनवायची. पहिल्या कार्डावरची पोरवयातली अक्षरं तिला खुर्चीतूनही वाचता आली.

'प्रिय काउंटी, मला जेवायला घातल्याबद्दल आभारी आहे. माझे बाबा नाहीत, म्हणून तुम्ही घालता. डार्सी.'

ती उठली. टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि टाचण्या काढू लागली.

"अहो, अहो, काय करताय? आम्हाला फार आवडतात ती!"

"आवडत असतील. पण ती तुमची नाहीत."

टाचण्या तिने मोजून त्यांच्या बशीत ठेवल्या. प्रूइट दारापर्यंत तिच्या मागे आले. तिथे जरा घुटमळून म्हणाले, "एक सांगू? अठरा झाल्यावरही शाळा संपेपर्यंत पैसे येतात, आणि ते थेट तिलाच. पण तिने स्वतः मागावे लागतात, शाळेचा सही-शिक्का घेऊन. एप्रिल आणि मे. विचारायला सहसा कोणी येत नाही."

"सांगितलं तर येतील," अगाथा म्हणाली.

हॉलमध्ये तेल तापलं होतं. ईस्टरआधीच्या उपवासातला पहिला शुक्रवार, मांस वर्ज्य, त्यामुळे मासे खायला अर्धं गाव दाराशी. अगाथा मैद्यात मासे घोळवत होती आणि तिला सहा वर्षांची जेवणं आठवत होती. रविवारचं कोंबडीचं सूप. वाढदिवसाचे केक. गोवर निघाला तेव्हाचा पातळ भात. ते सगळं वेड स्ट्राउडने आणलेलं. तिच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं एक मेलेला माणूस बाजार भरत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"अगं, दोन्ही बाजूंनी घोळव!" शेजारी कोबी चिरणारी बर्निस खेकसली. "आंधळी मी झालेय की तू?"

सांगायचं ते घरी, निवांत, असं अगाथाने ठरवलं होतं. पण शाळेतून आलेली डार्सी एप्रन बांधत असतानाच बर्निसने तोंड उघडलं. "काय मग, डॉक्टरीणबाई? आणले का आजीने पैसे? गाडी धुऊन ठेवलीय मी. दिसत नाही, पण हाताला चकचकीत लागते."

डार्सी हसत वळली आणि अगाथाचा चेहरा बघून थांबली. "आजी? काय झालं?"

मैद्याने माखलेल्या हातांनीच अगाथाने तिला मागच्या पायऱ्यांवर नेलं. बर्निस न बोलावता मागोमाग आली. अगाथाने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

डार्सी आधी हसली. "काहीतरीच. चुकून दुसऱ्या मुलीचं सांगितलं असेल त्यांनी." मग म्हणाली, "थोडे तरी असतील." मग, "एकही नाही?"

"एकही नाही."

"पण तू म्हणायचीस भरतंय म्हणून."

"म्हणायचे. मला तसंच वाटत होतं."

अगाथाने पर्सच्या मधल्या कप्प्यातून कार्डं काढून दिली. डार्सीने पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं उघडलंच नाही.

"मी त्यांना थँक्यू म्हणत होते," ती म्हणाली. "बाबांच्या पैशांसाठी. आणि तू माझं स्पेलिंग तपासत होतीस."

अगाथाच्या बोटांवरचा मैदा वाळून तडकत होता. तिने तो झटकलाही नाही.

आतून तळणाचा आवाज येत होता. शेवटी बर्निस म्हणाली, "हरामखोर." फादर आत उभे होते, तरी मोठ्यांदा म्हणाली. मग नाक शिंकरून, "ते दोन महिन्यांचे तरी नक्की मिळणार ना पोरीला?"

"सोमवारी शाळेत जाऊन सही घेऊ," अगाथा म्हणाली. "मी समोर बसून अर्ज करून घेणार."

"मग गाडीचे म्हणून तेवढे आगाऊ दे मला. बाकीचे नर्स झाल्यावर. तोवर रविवारी प्रार्थनेला आणि महिन्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे मला न्यायचं. आणि रेडिओवर माझं स्टेशन लागेल, तुझी धाडधाड नाही."

डार्सीने नकारार्थी मान हलवली. आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हताच. "तुला कशाला माझी दया?"

"दया कसली, भवाने? फुकटात ड्रायव्हर मिळतोय मला!"

"आणि जूनमध्ये? शाळा संपली की चेक बंद. मी राहू कुठे?"

"जिथे आहेस तिथेच," अगाथा म्हणाली. "खोलीला काय चेक लागतो?"

डार्सीने कार्डं एप्रनच्या खिशात कोंबली आणि ती आत जाऊन ताटं वाढू लागली. रात्री घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "त्यांना माहीत होतं, आजी. कार्डं भिंतीला लावताना माहीत होतं त्यांना." आणि घरात न जाता जळणाच्या लाकडांनी भरलेल्या गॅरेजमध्ये शिरली. थोड्या वेळाने आतून ओंडके आपटल्याचे आवाज येऊ लागले. अगाथाने कोट काढला नव्हता. तीही गेली.

आता डायरीसमोर बसून तिने 'डार्सीचे पैसे नाहीत' हे पुन्हा एकदा वाचलं. खोडलं नाही. खाली एकच ओळ लिहिली आणि दिवा मालवला.

गॅरेजमधली लाकडे उजव्या भिंतीला लावली. गाडीपुरती जागा झाली.