बाजेवाले कुठी बसले?

नागपूरच्या गाडीची पाटी वाचूनही बाबांचं समाधान झालं नव्हतं. साकोलीच्या स्टँडवर त्यांनी आधी कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला, मग आत बसलेल्या एका म्हातारीला. "पाटी तं कोनीबी लावते," ते म्हणाले. आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा होता. मी पुण्याला ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर निघालो होतो. गाडी हलली तेव्हा ते एवढंच बोलले, "दोन वर्सं राह्य आन् वापस ये." मी हो म्हणालो. त्या होकारावरही त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

हा संशय आमच्या रक्तातच आहे. तुम्ही गावाकडचे हसाल, बाहेर पडलेले माना डोलावतील. पण मेसमधला भात कोणत्या धानाचा ते ओळखू येईना, म्हणून मी महिनाभर नुसत्या पोळ्या खाल्ल्या. कोणी गोड बोललं की आधी मनात यायचं, ह्याला काय पाहिजे असेल? ऑफिसातली नीला स्वतःहून डबा पुढे करायची. तिला काहीच नको होतं हे कळायला मला वर्ष लागलं, आणि कळल्यावर मी तिला थेट लग्नाचंच विचारलं.

घरी कळवलं तसे बाबा तडक पुण्यात हजर. गावाकडे त्यांनी मुलगी पाहून ठेवली होती, आणि मला घेऊनच परत जायचं ठरवून ते आले होते. व्यापारी पोत्यात हात घालून तळाचं धान वर काढतो, तसं ते नीलाकडे पाहत. शेवटी रविवारी सकाळी तीच आम्हाला फिल्म क्लबात घेऊन गेली. जुना, काळा-पांढरा, अमेरिकन नाचगाण्यांचा सिनेमा होता.

गोष्ट एका नाटक कंपनीची. नाटकाचा पडदा वर गेला आणि रंगमंचावर चक्क जहाज आलं, तेही खऱ्या पाण्यावर! शिडांवरून शंभरेक मुली घसरत उतरल्या आणि गोल फिरत त्यांचं कमळ झालं. मी वैतागलो. एवढं पाणी ठेवलं कुठे? खुर्च्यांवर बसलेल्या नाटकाच्या प्रेक्षकांना ते कमळ वरून दिसणार कसं?

बाबा मात्र पुढे सरकून बसले. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत आमच्या गावची दंडार व्हायची. त्या खेळात बायकांची कामं पुरुषच करत, आणि जवानीत बाबांनीही लुगडं नेसून नाच केला होता. त्यांनी त्या मुलींचे खांदे, मनगटं न्याहाळली आणि मोठ्याने निकाल दिला, "ह्या बाया नोहोत. सारे गडी हायेत."

आजूबाजूचे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीला हसली नाही. पडद्यावरची नजर न हटवता ती म्हणाली, "काका, माझा तर त्या पाण्यावरही विश्वास नाही. आणि वाजवणारे कुठे बसलेत?"

बाबांनी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "तेच तं मी कवापासून पाहून राहिलो! बाजेवाले कुठी बसले?"

मग दोघं मिळून बाजेवाल्यांना शोधू लागले. जहाजाखाली असतील, शिडामागे असतील. पुढच्या गाण्यात मुली सरळ ढगांवरून चालू लागल्या, तेव्हा बाबा मांडीवर थाप मारून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "लबाड हायेत साले! पन काय लबाडी करतेत!" विश्वास कशावरच नव्हता आणि मजा पुरेपूर चालली होती. मीही केव्हा हसायला लागलो, कळलं नाही.

बाहेर आल्यावर नीला रिक्षा पाहायला पुढे गेली. बाबा म्हणाले, "हे पोरगी चालते. हिले शंका येते, हे कोठी फसनार नाही. गावच्या त्या पोरीवाल्यायले मी नाही म्हनून सांगतो." मी वाकून पाया पडलो. उठलो तर त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे आता तू काही वापस येत नाही."

मी घाईघाईने सांगू लागलो, दिवाळीला येईन, मंडईला येईन, धान कापायला येईन.

"तसे पाहुने येतेत," ते म्हणाले.

त्यांचंच खरं झालं. बाबा गेले, आता गावच्या घरी थोरला भाऊ आणि वहिनी असतात. मी गेलो की नवी चादर अंथरली जाते, फुलाफुलांच्या कपात चहा येतो. पुण्यात माझे असे लाड कोणी करत नाही, म्हणजे तेच माझं घर असावं. मागच्या खेपेला मी वहिनींकडे मुद्दाम रोजचा कानतुटका कप मागितला.

वहिनी हसल्या. "तो घरच्यायचा हाय, भाऊजी."