वाळूने पाहिलेलं ऊन

हिमयुगात गाडल्या गेलेल्या वाळूने शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे प्रयोगशाळेत शोधणं घरातल्या थोरल्या लेकीचं काम. पुन्हा उजेड लागला की वाळूत साठलेली त्या काळाची खूण पुसली जाते, म्हणून वाळूची नळी ती अंधाऱ्या खोलीतच उघडायची.

ती जेवायला गेली आणि प्रयोगशाळेच्या साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला नळी खिडकीतच रिकामी केली. ही वाळू जिथून काढली ती दरड तर रस्त्यासाठी केव्हाच तोडली होती.

ती परतल्यावर साहेब म्हणाले, "चिमूटभर वाळूसाठी रुसतेस काय? वय वीस हजार वर्षं लिहून टाक."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवसांनी भर बैठकीत ती म्हणाली, "या वाळूने शेवटचं ऊन परवा पाहिलं, साहेबांच्या खिडकीत."

घरी आईने धास्तावून विचारलं, "अगं, नोकरी गेली तर?"

"दुसरी मिळेल, आई. ती वाळू कुठून आणू?"