दहाव्या सरीतला पाला

ड्रोन उसावरून चौथी फेरी मारून वळला, तेवढ्यात पलीकडच्या शेतातून एक बाई हातातला विळा उंचावत पळत आली.

"बंद करा ते! आधी बंद करा!"

मी रिमोटवरचा पॉज दाबला. फवारा थांबला, ड्रोन हवेतच जागच्या जागी उभा राहिला. बाई बांधापाशी आली, पण अलीकडे आली नाही. धापा टाकत म्हणाली, "तुतीवर आलं की वो सगळं. माझ्या अळ्या हायत्या शेडमंदी. आता काय घालू मी त्यास्नी खायाला?"

तोवर मी त्या हिरव्या झुडपांना जनावरांचा चारा समजत होते. रेशमाच्या अळ्यांना घालायची तुती काही माझ्या रोजच्या बघण्यातली नाही, हे खरं. पण विचारायला तोंड होतं ना मला!

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत इंजिनिअर आहे. आम्ही फवारणीचे ड्रोन बनवतो. सहा पंख्यांचं यंत्र, पोटाशी दहा लिटरची टाकी, पंख्यांखाली नोझल. नोझल म्हणजे औषधाचे थेंब करणारी तोटी. हे यंत्र आम्ही मुळात उसासाठी केलं. ऊस डोक्याच्या वर गेला की माणसाला आत शिरून फवारता येत नाही. शिरलाच तर पात्यांनी अंग कापतं आणि औषध स्वतःच्याच डोक्यावर गळतं. माझ्या वडिलांच्या मानेवर त्याचे डाग शेवटपर्यंत होते. त्यामुळं या ड्रोनवर माझा जरा जास्तच जीव आहे. कुणी त्याला खेळणं म्हटलं की मी भांडते.

अडचण होती ती थेंबाची. थेंब मोठा केला की उसाच्या पात्यावरून घरंगळून खाली जातो. बारीक केला की पंख्यांचा वारा त्याला आत खोलवर ढकलतो, पण तोच थेंब वाऱ्यानं लांबही वाहत जातो. या वाहून जाण्याला आम्ही ड्रिफ्ट म्हणतो. त्या आठवड्यात आम्ही नवं, बारीक थेंबाचं नोझल लावलं होतं. सणसर गावात तात्या नावाच्या एका शेतकऱ्याच्या उसावर लोकरी मावा पडलेला. मावा म्हणजे पानाच्या मागं कापसासारखी पांढरी कीड. त्यावर खरं औषध मारून बघायचं, असं ठरलं होतं.

फवारायच्या आधी शेताचा नकाशा करावा लागतो. मालक पुढं चालतो, मी रिमोट घेऊन मागं. प्रत्येक कोपऱ्यावर बटण दाबायचं. ड्रोनला काय, आपण दाखवू ती हद्द. तात्या सत्तरीचे, पण चाल झपाझप. पूर्वेच्या बाजूला आल्यावर ते बांध ओलांडून पलीकडच्या उतारावर उतरले.

"तात्या, बांधावरून चला की."

"हितनंच घ्या म्याडम. हे आपलंच हाय."

आता आमच्या भागात कुठलाही शेतकरी हद्द दाखवायला निघाला की त्याचे पाय आपोआप बांधाच्या पलीकडं पडतात. मुद्दाम लबाडी असते असं नाही, पायांना सवयच तशी. मी स्वतः लहानपणी वडिलांच्या मागं तशीच चालले आहे. हे सगळं ठाऊक असून मी मुकाट्यानं बटण दाबलं. वर आमच्या सरांनी सांगितलेलं, कडेची पट्टी कोरडी राहायला नको, म्हणून हद्दीच्या आत सोडायचं अंतर मी शून्य ठेवलं. वाराही तुतीकडंच होता. तात्यांचे पाय चुकले असतील, पण बाकी सगळ्या चुका माझ्या.

मी ड्रोन उतरवला आणि तात्यांना विचारलं, "या बाई कोण?"

तात्या उसाकडं बघत म्हणाले, "माझी भावजय. मालन."

धाकटा भाऊ जाऊन सहा वर्षं झालेली. तो गेल्यावर याच बांधावरून दोघांची बोलाचाली झाली आणि तेव्हापासून अबोला. मधे पाच फूट बांध, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"म्याडम, तिला इचारा, किती हायत्या अळ्या."

"त्यास्नी सांगा बाई, सगळी बॅच हाय. आज सकाळीच चौथी कात टाकून उठल्यात."

रेशमाच्या अळ्यांचं मला त्या दिवशी मालनकाकूंनीच शिकवलं. अळी चारदा कात टाकते. चौथ्या वेळी टाकून उठली की तिला अशी भूक लागते की पुढचा आठवडाभर ती दुसरं काही करतच नाही. आयुष्यात जेवढं खाते त्यातलं बहुतेक त्याच दिवसांत. मग कोश करते. उपाशी राहिली तर कोश नाही. औषधाचा पाला खाल्ला तर अळीच नाही. म्हणजे महिनाभर लेकरासारखं जपलेलं सगळं त्या आठवड्यावर टांगलेलं. आणि काकूंचा पाला घरचा, त्या एकाच एकरातला.

मी सरांना फोन लावला. सर भले आहेत, पण चाचणीच्या दिवशी त्यांचा पारा चढलेला असतो.

"हद्द कोणी दाखवली?"

"शेतकऱ्यानं."

"मग रिपोर्टमध्ये तसं लिही आणि निघ. मी बोलतो त्यांच्याशी."

"सर, बटण मी दाबलंय. पाला कुठवर खराब झाला हे शोधल्याशिवाय मी निघत नाही."

"किती वेळ लागेल?"

"मला माहीत नाही."

सर म्हणाले, "बरं. पण जेवून घे." असे आहेत ते.

आमच्याकडं पिवळ्या कागदाच्या पट्ट्या असतात. पाण्याचा थेंब पडला की तिथं निळा ठिपका उमटतो. मी टाकी तीनदा धुतली, नुसतं पाणी भरलं, काकूंची परवानगी घेतली. मग तुतीच्या सरीसरीत काठ्या रोवून पट्ट्या लावल्या आणि त्याच चार फेऱ्या परत मारल्या. वारा तसाच होता. बांधालगतच्या पहिल्या तीन सऱ्यांतल्या पट्ट्या निळ्याशार. पाचवीत ठिपके. सातवीत एक-दोन. आठवीपासून पुढं स्वच्छ पिवळ्या.

मी खुशीत काकूंना म्हटलं, "आठव्या सरीपासून पुढचा पाला चांगला आहे."

काकूंनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "कागद काय पाला खातूय व्हय?"

मला जरा रागच आला. इतकी वर्षं मी याच पट्ट्यांवर काम करतेय. पण बाईचं चुकत होतं कुठं?

काकू म्हणाल्या, "अळीला घालून बघावं लागंल. दहाव्या सरीतला घालू वीस अळ्यास्नी. आणि इसाव्या सरीतला दुसऱ्या इसास्नी. दुपारपातूर कळंल."

"आणि तोवर बाकीच्या?"

काकूंनी शेडकडं बघितलं. शेडमध्ये बाकीच्या सगळ्या अळ्या माना वर करून बसलेल्या. बांधावरून आतापर्यंत नुसतं ऐकत असलेल्या तात्यांनी खिशातून फोन काढला. वरकुट्याला त्यांचे व्याही तुतीवालेच. तात्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"पावनं, रामराम. तुतीचा पाला पायजे. हां, आत्ताच. गाडी धाडतो... आरं, कुणासाठी म्हंजे? घरच्याच अळ्या हायत्या की!"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि शेडकडं वळल्या. मी पट्ट्या गोळा करायला लागले. खरं तर गोळा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण मलाही तोंड लपवायचं होतं.

आमच्या पिकअपचे ड्रायव्हर गोरेमामा वरकुट्याला गेले. व्याह्यांची स्वतःची बॅच चालू, त्यामुळं एक गाडी भरून पाला मिळाला, त्याहून जास्त नाही. दीड दिवसाची सोय झाली. पुढचे पाच-सहा दिवस काकूंच्या एकरावरच अवलंबून होते.

इकडं काकू दोन ताटं घेऊन शेडबाहेर आल्या. एकेका ताटात वीस अळ्या. मोजून काढताना त्यांचा हात घुटमळत होता. एक उचलायच्या, परत ठेवायच्या, दुसरी उचलायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ही लई चपळ हाय, ऱ्हाऊ दे हिला." शेवटी सुस्त दिसणाऱ्या घ्यायला लागल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "न्हाय, तसं केलं तर खरं कळायचं न्हाय." चपळ अळी परत ताटात आली. त्या बाईला कॉलेजात कुणी चाचणी कशी घ्यावी हे शिकवलेलं नव्हतं.

दहाव्या सरीचं ताट तात्यांनी मागून घेतलं. या वेळी सरळ काकूंकडंच हात पुढं केला. "आण हिकडं. माझ्यापायी व्हायचं ते माझ्यापुढं होऊ दे."

"उन्हात बसू नगा, तात्या," काकू म्हणाल्या. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. दोघांनाही ते कळलं असावं, कारण दोघंही एकदम इकडंतिकडं बघायला लागले.

तात्या शेडच्या सावलीत मांडी घालून, ताट मांडीवर घेऊन बसले. मी दुसरं ताट घेतलं. अळ्या कडेनं सुरुवात करून पान कुरतडत आत जात होत्या. तात्या अधूनमधून विचारायचे, "तुमच्या खात्यात का?" मी हो म्हटलं की म्हणायचे, "माझ्याबी खात्यात." पहिला तास असाच गेला. काकूंनी आम्हाला पिठलं-भाकरी दिली. तात्यांनी एका हातानं ताट धरून दुसऱ्या हातानं खाल्ली.

दोनच्या सुमाराला तात्या म्हणाले, "म्याडम, हितं बघा."

त्यांच्या ताटातल्या चार-पाच अळ्यांनी खाणं सोडलं होतं. डोकं मागं टाकून हलवत होत्या. थोड्या वेळानं तोंडातून हिरवट पाणी आलं. मग एकेक आखडत गेली. मोठं माणूस अळीसाठी रडलं तर हसतील लोक, पण तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला हसू आलं नाही. त्यांनी चपळ अळी बोटावर घेतली, पानावर ठेवली, परत ठेवली. "खा गं बाय," म्हणाले. काकू शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी ताट हळूच तात्यांच्या मांडीवरून काढून घेतलं.

"तुमी मुद्दाम केलं न्हाय, तात्या."

"केलंच की. पाय माझंच हुतं."

त्या ताटातली एकही अळी वाचली नाही. माझ्या ताटातल्या विसाव्या सरीच्या अळ्या मात्र खात होत्या. संध्याकाळपर्यंत खात राहिल्या. मी ताट काकूंच्या हातात दिलं. आठव्या सरीपासून पाला चांगला, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या बाईनं माझं ऐकलं असतं तर सगळं शेड दुपारपर्यंत रिकामं झालं असतं. माझ्या कागदाला जो थेंब दिसला नाही, तो अळीला बाधला. मी हे काकूंना बोलून दाखवलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पोरी, तू थांबलीस, मला एवढं बास झालं."

विसाव्या सरीच्या अलीकडचा सगळा पाला कापून, जनावरांच्याही तोंडी लागू नये म्हणून, खड्ड्यात पुरला. तो तात्यांनी कापला. कमी पडणारा पाला ते पुढचे पाच दिवस बावडा गावातून, कुणाकुणाकडून मागून आणत होते. मी रोज फोन करायचे. काकू फोनवर जास्त बोलायच्या नाहीत. "खात्यात," एवढंच. सहाव्या दिवशी म्हणाल्या, "खायाचं थांबल्यात." मग हसून म्हणाल्या, "अगं, कोश कराय लागल्यात."

बॅच नेहमीपेक्षा थोडी हलकी उतरली, पण उतरली. मी बघायला गेले तेव्हा शेडभर पांढरे कोश लागले होते आणि तात्या चपला बाहेर काढून, पाय धुऊन, आत काकूंबरोबर एकेक कोश सोडवत बसले होते. बोलणं चाललं होतं ते बांधावरूनच. आवाजही चढलेला होता. अबोल्यापेक्षा ते बरं.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. नोझल बदललं. ज्या शेताशेजारी तुती आहे, तिथं वारा त्या बाजूला असेल तर ड्रोन उडवायचाच नाही, आणि एरवीही तुतीपासून सोडायचं अंतर मी पट्ट्यांनी दाखवलं त्याच्या चौपट धरलं. सरांनी तो आकडा बघितला.

"एवढं? याला आधार काय? कुठल्या पट्टीवर मोजलंस?"

"पट्टीवर नाही, सर. वीस अळ्या गेल्या, तिथून मोजलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली. नवीन माणूस कामाला आला की मी त्याला अजूनही पिवळी पट्टी कशी वाचायची ते शिकवते. मग सांगते, ती कोरडी निघाली तरी शेजारी काय पीक आहे ते आधी चालत जाऊन विचारून ये.