तारवातली शेळी

ज्या दिवशी पाळण्यातल्या लेकरापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सगळे एका सुरात देवापुढे उभे राहतात, त्या दिवशी मंडळीचा खरा जन्म होतो, असं आमच्या मुरबाडच्या चर्चमध्ये नव्या पाळकांनी जाहीर केलं. त्या सुरात दोन कोंबडे आणि एक शेळीही असेल, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

पाळक तरुण होते, शहरात शिबिर करून आले होते. तिथे त्यांना कळलं होतं की उपासनेत मुलं कंटाळतात. आमच्याकडे मोठेही कंटाळत होते, पण ते शिस्तीत, डोळे मिटून. आता सर्व वयोगटांची सर्जनशील उपासना होणार होती, आणि सुरुवात कापणीच्या सणाला. बायबलमधली जलप्रलयाची गोष्ट, जिच्यात तारवात म्हणजे मोठ्या जहाजात चढलेले जीव तेवढे वाचतात, ती सगळ्यांनी मिळून करायची. मुलांनी ताटात तांदूळ हलवून पावसाचा आवाज काढायचा, बायांनी साड्यांच्या लाटा करायच्या, आणि तारू बांधणारा म्हातारा मी व्हायचं. शेणवे गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून दाढी वाढवली होती, एवढीच माझी पात्रता.

संदेशानंतर कोणीही, कोणत्याही वयाच्या माणसाने प्रश्न विचारायचा, हीही नवी सोय होती.

मंडळीच्या ग्रुपवर पाळकांनी निरोप टाकला की तारवासाठी प्रत्येक घराने एक प्राणी आणावा. चित्र काढून आणावा, हे लिहायचं राहिलं. दुरुस्ती लगेच टाकली, पण तोवर सिद्धगडाच्या बाजूचं नेटवर्क गेलं होतं.

त्यामुळे रविवारी खालच्या लोकांनी पुठ्ठ्याचे हत्ती आणले, आणि तिकडच्या पाड्यावरची आजी टमटममधून आपली शेळी घेऊन आली.

या आजीबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत ती सर्वांत वयस्क, आणि कापणीच्या सणाचा नेम तिच्याइतका कडक कोणी पाळत नसे. वेदीपुढच्या मेजाशी जे पोचलं ते देवाचं, परत न्यायचं नाही. धान्य-भाजी गरजूंना जाते, कोंबडी-बकरी प्रीतिभोजनाच्या पातेल्यात. मागच्या वर्षी आधीच्या पाळकांनी विसरून आपली छत्री त्या मेजावर ठेवली. आजीने ती उचलू दिली नाही. छत्री आता पाड्यावरच्या एका गड्याकडे आहे, आणि तो उपासनेला ती घेऊनच येतो.

शेळी तिने दान द्यायला आणली नव्हती. नाटक झालं की घरी न्यायची होती. आजी एकटी राहते. चहाला दूध त्या शेळीचं, आणि दिवसभर बोलायलाही तीच.

पाऊस फार छान पडला. ताटांतले तांदूळ निम्मे जमिनीवर आले. पुठ्ठ्याचे हत्ती आणि खरी शेळी असे आम्ही सगळे बाकांच्या तारवात दाटीने उभे राहिलो; सणाच्या दानात आलेले दोन कोंबडे मेजाशी बांधलेले होते आणि तिथूनच आरवत होते. तेवढ्यात कोणाची तरी लाट जोरात आली, शेळी बिथरली, दोर सुटला. ती थेट मेजाशी गेली आणि तिथे बांधलेल्या भाताच्या पेंढीतल्या लोंब्या खाऊ लागली.

आधी सगळे हसले. मग हळूहळू थांबले, कारण ती कुठे उभी आहे ते एकेकाच्या लक्षात आलं.

आमचे ज्येष्ठ पंच जेवणाची व्यवस्था पाहतात. मसाला सकाळीच वाटून तयार होता, आणि आलेले कोंबडे एवढ्या माणसांना पुरणार नाहीत याची त्यांना काळजी होती. त्यांनी घसा खाकरला आणि आवाजात भक्ती आणून म्हणाले, "आजी, तुमीच सांगा. नेम तुमचाच हाय."

आजी बाकावर टेकली. शेळीकडे तिने पाहिलं नाही.

"मेजाशी गेली ना? मंग देवाची झाली," ती म्हणाली. "छत्रीला नाय सोडली, तं हिला कशी सोडू?"

 पाळकांनी संदेशाचे कागद चाळले. त्यात सर्जनशीलतेबद्दल पुष्कळ होतं, शेळीबद्दल काही नव्हतं. त्यांनी संदेश अर्ध्यात आटोपला आणि नव्या सोयीप्रमाणे विचारलं, कोणाला काही प्रश्न? मला वाटतं, ते मदतच मागत होते.

पावसातली सर्वांत लहान मुलगी ताट घेऊन उभी राहिली.

"तारवातल्या शेळीला कापतात का?"

पाळकांचा चेहरा उजळला. त्यांनी शास्त्र उघडलं आणि पूर ओसरल्यावरचा भाग वाचला. सगळी जनावरं, पाखरं, सरपटणारे जीव आपापल्या जातीने तारवातून सुखरूप बाहेर पडले, इथवर वाचून ते थांबले आणि पानावर बोट ठेवून म्हणाले की ही शेळी कापणीच्या दानात आलेली नाही, तारवात आलेली आहे, आणि तारवात आलेलं प्रत्येक जनावर घरी जातं. आजीने मान वर केली.

"असा लिवलाय?"

"लिहिलंय, आजी."

पंचांचा पाळकांवर पूर्ण विश्वास नव्हता. ते माझ्याकडे वळले. माझ्या मांडीवर तेच पान उघडं होतं.

"मास्तर, फुडं काय हाय?"

"पुढे पेरणी-कापणीचं आहे," मी म्हणालो. "आजच्या सणाला धरूनच." ते खरं होतं. अध्याय तिथेच संपतो.

आजी उठली, शेळीच्या तोंडातली शेवटची लोंबी काढून परत मेजावर ठेवली, आणि दोर हाताला दोनदा गुंडाळून बाहेर गेली. दारात तिने शेळीला झाडलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "देवाचा भात खातंस गो, लाज नाय तुला."

प्रीतिभोजनाला दोन कोंबड्यांचा रस्सा झाला, पाणी जरा सढळ हाताने घातलेला. सर्व वयोगटांची उपासना यशस्वी झाली, असं पाळकांनी ग्रुपवर लिहिलं.

वाचताना त्यांनी बोटाखाली झाकलेल्या पुढच्याच वाक्यात, तारू बांधणारा म्हातारा बाहेर पडल्या पडल्या वेदी बांधतो आणि जनावरांचा होम करतो.