स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीला कान

खाली चाळीच्या चौकात कुणी मोटारसायकल खोललीय, तिच्या जळक्या ऑइलचा वास वर आला नि मला माझी टॅक्सी आठवली. एकदा परळला पॅसेंजर म्हणाला, "काका, इंजिन ठोकतंय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. कान गेले हे मालकाला कळलं असतं तर त्याने गाडी काढून घेतली असती, म्हणून गॅरेजला न जाता चाळीत आणली. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवलं नि मूठ कानाला लावली, आतला आवाज असाच ऐकतात. मला नुसती इंजिनची थरथर लागली, आवाज नाही. शेजारी जमले. "काय डॉक्टर, पेशंट जगेल ना?" बायको कपडे वाळत घालत होती, ती आली, मूठ स्वतःच्या कानाला लावली, माझा हात धरून टोक पुढे सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणालात तेच. पुढूनच ठोकतंय." मी तर तोंडही उघडलं नव्हतं. "मग, मी काय सांगत होतो," मी म्हणालो. आता मुलाने दिलेलं मशीन कानात आहे, खाली ती मोटारसायकल चालू केली की तिचं इंजिन कुठून ठोकतंय ते मला खोलीत बसून कळतंय. पण 'तुम्ही म्हणालात तेच' असं म्हणणारी आता राहिली नाही, म्हणून गप्प बसलोय.